गोदामाच्या गेटवर: सोबत काय न्यायचं, नोंद कशी करायची, आणि अडचण आली तर काय करायचं

भिवंडीच्या मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, सोनाळे, पडघा या पट्ट्यातल्या पार्सलच्या मोठ्या गोदामात नवा माणूस पहिल्या आठवड्यात अडकतो तो बहुतेक वेळा कामात नाही, गेटवर. स्कॅनर कसा धरायचा, टोट (माल ठेवायचा प्लास्टिकचा खोका) कुठे ठेवायचा हे ट्रेनर दाखवतो. खिशातला जुना इअरफोन आत चालेल का, मंगळसूत्राचं काय, दम्याचा पंप कुणाला दाखवायचा, हे मात्र कुणी धड सांगत नाही. मग ते बाहेर पडताना कळतं, मागे दीडशे माणसांची रांग उभी असताना.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच अडचण आहे, ती आधी समजून घ्या. गेटवरच्या गार्डला तुमची वस्तू आणि गोदामातला माल यांतला फरक ओळखता येत नाही. तुमच्या खिशात जो काळा इअरफोन आहे, तसलेच शंभर आत रॅकवर पडलेले असतात. लिपस्टिक, ट्रिमर, मनगटी घड्याळ, पॉवर बँक, मेमरी कार्ड, सगळ्यांचं तेच. म्हणून ‘हे माझं आहे’ याचा पुरावा बाहेर पडताना तयार होत नाही, तो आत शिरतानाच तयार करावा लागतो. ज्या वस्तूची आत जाताना नोंद नाही, ती बाहेर येताना तुमची आहे हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

प्रत्येक गोदामाचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे मोबाईल गेटवर जमा करतात, कुठे लॉकरमध्ये ठेवू देतात, कुठे कॅमेऱ्यावर सील लावून आत नेऊ देतात. पहिल्या दिवशी ‘बंदी असलेल्या वस्तूंची यादी’ मागून घ्या आणि ती नीट वाचा. ती सहसा गेटजवळच्या बोर्डावर लावलेली असते, पण बोर्डासमोर रांग असते आणि कुणी वाचत नाही.

घरून निघताना

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण मेटल डिटेक्टरच्या चौकटीत बीप होण्याची निम्मी कारणं कपड्यांत असतात. कार्गो पँट घालू नका. सहा खिसे म्हणजे सहा वेळा तपासणी. दोन खिशांची साधी पँट, शक्यतो इलॅस्टिकची किंवा नाडीची. पट्टा लागतच असेल तर प्लास्टिकच्या बकलचा घ्या, बाजारात सहज मिळतो. साडी किंवा ओढणीला लावलेल्या सेफ्टी पिना, केसांतल्या लोखंडी पिना, पैंजण, जोडवी, सगळं वाजतं. पिनांऐवजी रबर लावा. खिशातली चिल्लर घरी ठेवा आणि चहापाण्यापुरत्या दोन-तीन नोटा घ्या. किल्ल्यांचा जुडगा आणू नका. घराची एक आणि गाडीची एक, एवढं पुरे.

सेफ्टी शूज कंपनी देते. त्यांत दोन प्रकार असतात. एकाच्या पुढच्या टोकात लोखंडी टोपी असते, दुसऱ्यात कंपोझिट, म्हणजे धातू नसलेली. आयएस १५२९८ या मानकाच्या सेफ्टी शूजमध्ये ही टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी असावी लागते, मग ती लोखंडाची असो की कंपोझिट. लोखंडी टोपीचे बूट रोज दोनदा वाजतात आणि रोज दोनदा काढावे लागतात. निवडायची मुभा असेल तर कंपोझिट मागा. बाहेरून स्वतः बूट विकत घेणार असाल तर आतल्या बाजूला आयएसआयची खूण आणि हा क्रमांक आहे का बघा. नुसते जाड दिसणारे बूट गार्ड परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे. पॅलेट, म्हणजे माल रचायचा सांगाडा, पायावर आला तर जाड रेग्झिन काही वाचवत नाही.

छोट्या वस्तूंसाठी पारदर्शक प्लास्टिकचा चेनवाला पाऊच घ्या, साधारण वहीच्या अर्ध्या आकाराचा. त्यात आयकार्ड, लॉकरची किल्ली, रुमाल, थोडे पैसे, रोजच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड. पाऊच पारदर्शक असला की गार्डला हात घालून चिवडावं लागत नाही, आणि तुम्हालाही संकोच वाटत नाही. पाण्याची बाटलीही पारदर्शकच घ्या, लेबल सोलून काढलेली. लेबल का काढायचं? लेबल असलेली बंद बाटली आत माल म्हणूनही असू शकते.

डबा स्टीलचा चालतो, पण तो कॅन्टीन किंवा लॉकरच्या पलीकडे, कामाच्या जागी जात नाही. बिस्किटं, चिवडा, फरसाण पाकीटबंद आणू नका. डब्यात काढून आणा. फोडलेलं पाकीट आणि माल यांतला वाद सगळ्यात चिवट असतो, कारण रिटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकांकडून परत, आलेल्या फुटक्या पाकिटांतलं खाल्ल्याचा संशय लगेच येतो.

काही गोष्टी घरीच ठेवा, त्यावर वाद नाही. पॉवर बँक: एक तर ती मालासारखी दिसते, दुसरं म्हणजे लिथियमची बॅटरी बिघडली तर पुठ्ठ्यांच्या आणि स्ट्रेच फिल्मच्या ढिगाशेजारी पेट घेते. लोकलचा पास ज्यांच्या मोबाईलमध्ये असतो त्यांनी त्यामुळेच घरून पूर्ण चार्ज करून निघावं आणि शिफ्टभर फोन बंद ठेवावा. काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेट. बॉडी स्प्रे, कारण त्यातला वायू पेट घेतो. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदच आहे, तरी दर चेकिंगला कुणाच्या तरी मोज्यात पुडी सापडते. मोज्यात लपवलेली वस्तू, मग ती दोन रुपयांची पुडी का असेना, गार्डच्या नजरेत तुम्हाला ‘लपवणारा’ ठरवते आणि पुढे महिनाभर तुमची झडती जास्त होते. स्वतःचा चाकू, ब्लेड, कटर कधीही नाही. पार्सल फोडायला कंपनीचा सेफ्टी कटर मिळतो. त्याला नंबर असतो, तो शिफ्टच्या सुरुवातीला सही करून घ्यायचा आणि शेवटी परत द्यायचा.

दागिन्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे गेटचा नियम आणि जिवाचा नियम एकत्र येतात. लांब मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, सैल बांगड्या, लोंबते कानातले कन्व्हेयरच्या पट्ट्यात आणि रोलरमध्ये ओढले जातात. पट्टा माणसासाठी थांबत नाही. मंगळसूत्र काढायचं नसेल तर दोऱ्यात ओवलेलं आखूड घाला आणि ते कुर्त्याच्या आत ठेवा. अंगठी निघत नसेल तर हातमोजा. आणि जे काही अंगावर राहणार आहे त्याची नोंद करा, त्याबद्दल पुढे सांगतो.

पावसाळ्यात आणखी एक. शहापूर, मुरबाड, वाडा, टिटवाळ्याकडून येणारी माणसं जुलैमध्ये चिंब होऊन पोचतात. छत्री आत जात नाही, ती गेटच्या स्टँडवर राहते, म्हणून दांडीवर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा. रेनकोटसाठी जाड पिशवी घ्या. ओला रेनकोट तसाच लॉकरमध्ये कोंबला की आतला फोन भिजतो, आणि ते नुकसान कुणी भरून देत नाही.

गेटवरची नोंद: इथे घाई करू नका

वैयक्तिक वस्तूंचं रजिस्टर असतं. रकाने साधारण असे असतात: तारीख, वेळ, नाव, कर्मचारी क्रमांक, वस्तूचं वर्णन, नग, तुमची सही, गार्डची सही, आणि बाहेर पडतानाची सही. मागचा माणूस ढकलत असतो म्हणून बहुतेक जण ‘मोबाईल १’ लिहून पुढे सरकतात. ही नोंद असून नसल्यासारखी. हजार माणसांच्या गोदामात ‘मोबाईल १’ म्हणजे कुणाचाही मोबाईल.

नोंद अशी लिहा: ‘निळा मोबाईल, दोन सिमचा, कंपनी व मॉडेल अमुक, आयएमईआयचे शेवटचे सहा आकडे अमुक, वरच्या उजव्या कोपऱ्यात काच तडकलेली’. आयएमईआय म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक. डायल करायच्या जागी *#०६# दाबलं की तो दिसतो. दोन सिम असतील तर दोन क्रमांक दिसतात. हे क्रमांक घरी वहीत आणि बायको, भाऊ किंवा खोलीवरच्या साथीदाराकडे लिहून ठेवा. फोन हरवल्यावर तो क्रमांक फोनमध्येच असून काय उपयोग?

दागिन्यांच्या नोंदीत ‘सोन्याची अंगठी’ असं गार्ड लिहू देणार नाही, आणि त्याचं चूक नाही. सोनं आहे की बेन्टेक्स हे त्याला तपासता येत नाही. पंचनाम्यात पोलीस लिहितात तसं लिहा: ‘पिवळ्या धातूची अंगठी, एक, लाल खडा’. रंग, नग आणि एखादी खूण. घड्याळाचंही तसंच: पट्ट्याचा रंग, डायलचा रंग, मागच्या झाकणावर क्रमांक असेल तर तो.

रोज लागणाऱ्या वस्तूंसाठी रोज रजिस्टर लिहिणं वेड लावतं. चष्मा, कानाचं मशीन, दम्याचा पंप, इन्सुलिनचं पेन, मंगळसूत्र यांसाठी कायमची परवानगी मागा. एचआरकडे अर्ज, औषध असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत, आणि सिक्युरिटी सुपरवायझरच्या सहीची स्लिप. त्या स्लिपवर मुदत असते. मुदत संपलेली स्लिप हे गेटवर अडकण्याचं फार नेहमीचं कारण आहे, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रजिस्टरमध्ये चूक झाली तर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ मारा, वर बरोबर लिहा आणि बाजूला छोटी सही करा. दुसऱ्याच्या नोंदीवर सही करू नका, भले तो सख्खा मित्र असो आणि बस सुटत असो. तुमच्या नोंदीखाली रिकामी ओळ राहिली तर तीवर रेघ ओढायला सांगा. फोन जमा केला की टोकन घ्या आणि टोकनाचा नंबर रजिस्टरमध्ये तुमच्या नावासमोर आहे ना ते बघा. टोकन हरवलं तर फोन मिळतो, पण मागचे सगळे फोन वाटून झाल्यावर, म्हणजे बस गेल्यावर.

वाटेत काही खरेदी केली असेल, मुलाला पेन्सिल बॉक्स, बायकोला पावडर, तर ती बिलासकट गेटवरच जमा करा. नवी, पाकीटबंद, किंमत छापलेली वस्तू लॉकरमध्येसुद्धा नेऊ नका. आणि स्वतःची ऑनलाइन ऑर्डर गोदामाच्या पत्त्यावर कधीही मागवू नका. तुमच्याच नावाचं पार्सल तुमच्याच हातात, तुमच्याच गोदामात: यातून सुटका व्हायला आठवडा जातो.

लॉकर

कुलूप तुमचं असेल तर ४० मिलिमीटरचं, कडक कडीचं चांगलं कुलूप घ्या. सूटकेसला लावतात ते चिमुकलं कुलूप हाताने पिळून निघतं. दोन किल्ल्यांपैकी एक अंगावर, दुसरी घरी. दोन्ही एकाच रिंगमध्ये ठेवणारे महाभाग दर महिन्याला कुलूप फोडून घेतात, आणि कुलूप फोडताना सिक्युरिटी, एचआर आणि एक साक्षीदार लागतो.

लॉकर वाटून घेऊ नका. ‘भाऊ, माझी बॅग जरा तुझ्यात ठेव’ याला नाही म्हणायला शिका. लॉकर ज्याच्या नावावर, आतली प्रत्येक वस्तू त्याच्या नावावर. अचानक तपासणी झाली आणि मित्राच्या बॅगेत न फोडलेला हेडफोन निघाला तर पहिला प्रश्न तुम्हाला येतो. लॉकरची तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी. तुम्ही शिफ्टवर असाल तर तुम्हाला बोलावून घ्यायला सांगा.

फोन बंद करून ठेवा, नुसता सायलेंट नको. सायलेंटवरही पहाटेचा गजर वाजतो, आणि रात्रपाळीत बंद लॉकरमध्ये वाजणारा गजर वीस मिनिटं कुणालाच बंद करता येत नाही. घरच्यांना गोदामाच्या सिक्युरिटी केबिनचा किंवा एचआरचा नंबर देऊन ठेवा. त्यांना सांगा, फोन लागला नाही तर घाबरू नका, खरंच काही असेल तर या नंबरवर माझं नाव, कर्मचारी क्रमांक आणि विभाग सांगा. इनबाउंड, पिकिंग, पॅकिंग, सॉर्टिंग, डॉक, यांपैकी विभाग माहीत नसेल तर हजार माणसांत निरोप पोचत नाही. घरी आजारी माणूस किंवा दिवस भरलेली बायको असेल तर शिफ्ट सुरू होण्याआधी लीडला, म्हणजे तुमच्या टीमच्या प्रमुखाला, सांगून ठेवा, म्हणजे निरोप आला की तो स्वतः तुमच्यापर्यंत येतो.

आत असताना

खिशात काही टाकायची सवय मोडा. पॅकिंगवाल्यांच्या खिशात मार्कर, टेपचा अर्धा रोल, सिलिका जेलची पुडी हमखास जाते, चोरायची म्हणून नव्हे, हात रिकामा करायचा म्हणून. शिफ्ट संपायच्या पाच मिनिटं आधी आपल्या टेबलाजवळच सगळे खिसे उलटे करून बघा. जॅकेटच्या आतला खिसाही. बुटाच्या तळाला बारकोडचं स्टिकर चिकटलेलं असतं, तेही सोलून काढा.

पत्त्याचं लेबल मात्र या सगळ्यांत वेगळं आहे. चुकून छापलेलं, फाटलेलं, सुरकुतलेलं लेबल कागद म्हणून खिशात घालू नका, त्यावर हिशोब लिहू नका, त्यात तंबाखू गुंडाळू नका. त्यावर ग्राहकाचं नाव, पत्ता आणि अनेकदा फोन नंबर असतो. दुसऱ्याच्या घरचा पत्ता आहे तो. खराब लेबल ठरलेल्या डब्यातच टाकायचं, तिथून ते फाडून नष्ट होतं.

जमिनीवर सुटी वस्तू दिसली, रॅकखाली चार्जर, ट्रॉलीत नोट, तर ‘नंतर देतो’ म्हणून उचलून खिशात ठेवायची नाही. तिथेच उभे राहा, हात वर करा, लीडला बोलवा. कॅमेऱ्यात उचललेलं दिसतं, ‘नंतर’ दिसत नाही.

फुटका माल, रिकामा खोका, बबल रॅप, मोडका पॅलेट यांतलं काहीही ‘टाकाऊ आहे’ म्हणून घरी नेता येत नाही. टाकाऊ मालाचाही हिशोब असतो, त्याची नोंद होते आणि तो ठरलेल्या भंगारवाल्याकडे जातो. मुलांच्या प्रकल्पासाठी खोका हवाच असेल तर गेट पास मागा. गेट पासवर वस्तू, नग, कारण आणि अधिकाऱ्याची सही असते. तोंडी ‘घेऊन जा रे’ गेटवर चालत नाही, आणि सांगणारा त्या वेळी जागेवर नसतो.

डिलिव्हरी हबमध्ये कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे मोजणाऱ्यांनी तर शिफ्टच्या सुरुवातीलाच स्वतःच्या खिशातली रोकड नोंदवावी: पाचशेच्या किती, शंभरच्या किती. मधल्या सुट्टीत चहाला पैसे काढले तरी नोंद. दिवसअखेर काउंटरवर दोनशे कमी आले आणि खिशात नोंद नसलेले दोनशे निघाले, तर ते तुमचेच होते हे पटवणं फार कठीण जातं.

आयकार्ड कुणालाही देऊ नका आणि आपल्या कार्डावर कुणाला आत घेऊ नका. दार उघडलं की मागचाही शिरतो, तो ओळखीचा असला तरी त्याला त्याचं कार्ड लावायला सांगा. कार्ड हरवलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. न कळवलेल्या कार्डावर दुसरा कुणी आत गेला तर हजेरी तुमची लागते, आणि त्याबरोबर जे काही घडतं तेही तुमच्या नावावर.

बाहेर पडताना

रांगेत उभं राहायच्या आधी पाऊच हातात, टोपी काढलेली, खिसे बाहेर ओढलेले. काही ठिकाणी बटण दाबायचं यंत्र असतं: हिरवा दिवा लागला तर साधी तपासणी, लाल लागला तर पूर्ण. लाल दिवा म्हणजे संशय नव्हे, तो कुणालाही लागतो. लाल लागल्यावर वाद घालणारा मात्र लक्षात राहतो.

हातातल्या डिटेक्टरची तपासणी अंगापासून दोन-तीन इंच लांबून होते. हात बाजूला पसरून उभे राहा. बाईची झडती बाईच घेईल, आणि ती पडद्याआड किंवा केबिनमध्ये, यात तडजोड नाही. महिला गार्ड नसेल तर ती येईपर्यंत थांबा, पुरुष गार्डला ‘लवकर उरका’ म्हणू नका. कपडे काढायला लावणं, झडतीचं चित्रण, नको तिथे हात, नको ते बोलणं हे झडतीत बसत नाही. असं घडलं तर २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असावी लागते. तुम्ही ठेकेदाराच्या पगारावर असलात तरी हा हक्क तुमचा आहे. तारीख, वेळ, गेट नंबर आणि गार्डच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव त्याच रात्री लिहून ठेवा.

काही सापडलं, किंवा आरोप झाला

पहिली गोष्ट: पळू नका, वस्तू फेकू नका, दुसऱ्याच्या हातात देऊ नका. जागेवर थांबून सिक्युरिटी सुपरवायझर आणि तुमचा लीड या दोघांना बोलवायला सांगा. वस्तू टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली जाऊ दे. तुमची असेल तर रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा. इथेच ते सहा आकडे आणि तडकलेला कोपरा कामाला येतात.

जबाब लिहायला सांगितला तर स्वतःच्या हाताने, मराठीत किंवा हिंदीत, जी भाषा येते तीत लिहा. इंग्रजीत छापलेल्या कागदावर समजल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर तर नाहीच. ‘राजीनामा लिहून दे, प्रकरण मिटवू’ असं म्हटलं तर विचार करायला वेळ मागा. घाबरून लिहिलेला राजीनामा मागे घेणं फार अवघड असतं. आणि सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा, तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. तुम्ही निर्दोष असाल तर तेच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.

खाजगी गार्ड पोलीस नाही. चोरी त्याच्या डोळ्यांदेखत झाली असेल तर तो माणसाला धरू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण करणं किंवा खोलीत डांबून ठेवणं हा गुन्हा आहे. दुसरीकडे हेही खरं की नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी साध्या चोरीपेक्षा गंभीर मानली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोनशे रुपयांच्या वस्तूलाही हेच कलम लागतं, हे पहिल्या दिवशीच प्रत्येकाला सांगायला हवं.

हरवलेल्या मालाचे पैसे पगारातून कापायचे असतील तर तो माल तुमच्या ताब्यात दिलेला असावा लागतो, नुकसान थेट तुमच्या हलगर्जीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. ‘लाइनवर दहा नग कमी आले, सगळ्यांचे शंभर-शंभर कापा’ हे यात बसत नाही.

तुमचीच वस्तू लॉकरमधून गेली असेल तर गेटबाहेर पडण्याआधी सांगा. बाहेर गेल्यावर ‘ती आतच होती’ हे कसं ठरणार? कुलपाला हात लावू नका, आधी सिक्युरिटीला दाखवा. दुसऱ्यांचे लॉकर स्वतः तपासायला जाऊ नका. फोन असेल तर पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, त्याच नंबरचं नवं सिम काढा, आणि संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा.

नियम ठरवणाऱ्यांसाठी

रांग लांबते ती चोरांमुळे नाही, बीपमुळे. हिशोब बघा. चारशे माणसांची शिफ्ट, चार रांगा, म्हणजे रांगेत शंभर माणसं. बीप न होणाऱ्याला आठ सेकंद धरले तर शंभर जण साधारण तेरा मिनिटांत बाहेर. त्यांतल्या वीस जणांचा बीप झाला आणि प्रत्येकी पाऊण मिनिट जास्त गेलं तर आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे वेळ दुप्पट, आणि तो दहा तास उभं राहिलेल्या माणसाच्या पायांवर. कंपोझिट बूट, प्लास्टिक बकल, पारदर्शक पाऊच कंपनीने दिले तर हा वेळ वाचतो. खर्च एकदाच होतो, रांग रोजची असते.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि त्यात दोनदा तपासणी, हे अन्यायाचं आहे. कॅन्टीन तपासणीच्या आतल्या बाजूला ठेवा, किंवा तपासणीचा वेळ सुट्टीतून वगळा. यादी चित्रांसह, मराठी आणि हिंदीत लावा, तीही बस थांबते तिथे, गेटवर नाही. माणूस बसमधून उतरतानाच त्याला कळलं तर पॉवर बँक जमा करायला त्याच्याकडे वेळ असतो.

आणि आगीचा भोंगा वाजला की गेटवरची तपासणी त्या क्षणी बंद. दारं उघडी, झडती नाही, लॉकरकडे धावणं नाही, फोनसाठी परत फिरणं नाही. गार्डला हे लेखी माहीत हवं आणि सरावात करून घेतलेलं हवं, नाहीतर तो सवयीने दारात हात आडवा धरतो. बाहेर आल्यावर गर्दीत न विखुरता असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, आपल्या लीडजवळ उभे राहा, हजेरी होईपर्यंत. कामगारांनो, तुम्हीही घरी निघून जाऊ नका. तुमचं नाव मोजणीत आलं नाही तर तुम्हाला शोधायला कुणीतरी परत धुरात शिरतं.

नोकरी सोडताना

शेवटच्या दिवशी आयकार्ड, जॅकेट, सेफ्टी कटर, लॉकरची किल्ली परत करा आणि प्रत्येकाची पोच घ्या. लॉकर एचआरसमोर रिकामा करा. कायमच्या परवानगीची स्लिप रद्द करून घ्या आणि रजिस्टरमध्ये तुमच्या नावावर कुठली उघडी नोंद राहिली नाही ना, हे गार्डसोबत बसून बघा. नो ड्यूजची, म्हणजे ‘काही देणं बाकी नाही’ या दाखल्याची, प्रत मिळाल्याशिवाय बसमध्ये चढू नका. ठेकेदार नंतर हिशोबात ‘कटर जमा नाही’ म्हणून पैसे धरतो, तेव्हा दाखवायला तोच एक कागद तुमच्या हातात असतो.